वहिनीचा ट्रॅक्टर, फक्त चावीवर

सलग चौथ्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना, तेव्हा मी इंजिनाच्या दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या आणि वरून माझी चांगली रजई पांघरली. वहिनी शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून बघत होती.

"वन्सं, ट्रॅक्टर आहे तो," ती म्हणाली. "बाळंतीण नाही."

"मग तू सुचव काहीतरी. नुसतं उभं राहून टोमणे मारायला काय लागतं?"

मी आयुष्यभर इस्पितळात नर्स होते. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत आणि तोंड तर त्याहून नाही. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यापासून टेकडीच्या पायथ्याच्या या घरात आम्ही दोघीच राहतो. नणंद-भावजय एका छपराखाली सुखाने नांदतात असं मी म्हणणार नाही, पण भांडायला एकमेकींशिवाय कोणी नाही म्हटल्यावर माणूस जुळवून घेतं.

टेकडीवरच्या घरांमधून दुधाचे कॅन गोळा करून खालच्या दूध केंद्रावर पोचवायचे, हे दादाचं काम. तो गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात वहिनी ट्रॅक्टरवर चढून बसली. लोकांनी आधी तोंडात बोटं घातली, मग कॅन हातात दिले. केंद्राचा टँकर वेळेवर येतो आणि वेळेवर जातो. तो चुकला की सगळ्या टेकडीचं दूध परत, आणि शिव्या वहिनीला. त्या आठवड्यात टँकर दोनदा चुकला होता.

गंमत अशी की ट्रॅक्टर आजारी होता तो फक्त सकाळी. एकदा का मारूनमुटकून सुरू झाला की दिवसभर अर्ध्या चावीत धडधडायचा. त्यामुळे दुपारी मिस्त्री आला की त्याला काही सापडायचं नाही. या मिस्त्रीला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण त्याला कधीही फोन करा, तो म्हणतो, "उद्या सकाळी पहिलं तुमचंच काम." मग तो परवा दुपारी येतो. आला, एका झटक्यात ट्रॅक्टर सुरू केला आणि आमच्याकडे असं बघितलं, की जणू आम्ही दोघी करमणुकीसाठी त्याला बोलावलं होतं. डॉक्टर आला की खणखणीत उठून बसणारे रोगी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा मला तेव्हाही राग यायचा.

त्यातच वहिनी घसरली. इंजिनावर ओतायला गरम पाण्याची बादली आणताना पायरीवर सांडलेलं पाणी गोठलं होतं, त्यावरून ती सपशेल आडवी झाली. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजून टम्म झालं. मी पट्टी बांधली आणि कोणाला सांगायचं नाही असं दोघींचं ठरलं. पण टेकडीवर गुपित टिकत नाही. त्याच संध्याकाळी वहिनीचा मुलगा शहरातून येऊन हजर.

माझा भाचा तसा गुणी मुलगा. आईवर जीव टाकतो. पण जीव टाकणारी माणसं कधीकधी जीव नकोसा करतात, त्यातला तो. आल्या आल्या त्याने आईचं मनगट पाहिलं आणि टोपीसुद्धा न काढता खुर्चीत बसला.

"आई, बास झालं आता. ट्रॅक्टर विकायचा. रविवारी सकाळी मी गिऱ्हाईक घेऊन येतोय, बोलणं झालंय."

"कोणाच्या परवानगीने?"

"तुला काही झालं तर ते काय माझी परवानगी घेऊन होणार आहे?" त्याचा आवाज फुटला. "शहरात खोली रिकामी आहे. ऊन येतं. तू आणि आत्या, दोघी चला. आरामात बसा."

मला ती खोली डोळ्यांसमोर दिसली. मी एकदा चार दिवस राहून आले आहे तिथे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, आणि तिथेही एक बाई बसलेली असते. वहिनीला तिथे बसवलं तर ती वर्षभरात सुकून जाईल, हे मला लख्ख कळलं. आणि खरं सांगायचं तर मीही.

"बाळ्या," मी म्हणाले, "बिघाड काढला तर?"

"आत्या, महिनाभर काढतोय की आपण बिघाड!"

हे मात्र खरं होतं. त्याने सुचवलेलं एकही काम चुकीचं नव्हतं. बॅटरी नवी घातली. इंजिनात हिवाळ्याचं पातळ तेल भरलं. थंडीत डिझेल गोठून दाट होतं म्हणून टाकी रिकामी करून थंडीत चालणारं डिझेल ओतलं, फिल्टर बदलला. इंजिन तापवणारा हीटर तपासला, तोही ठणठणीत. ट्रॅक्टरने यातल्या कशालाच भीक घातली नाही.

"थंडीच सोसत नाही त्याला," भाचा म्हणाला. "म्हातारा झालाय."

"म्हातारा" म्हणताना त्याने आईकडे पाहिलं नाही, पण वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ऐक," ती म्हणाली. "रविवारी आण तुझं गिऱ्हाईक. रात्रभर शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर मी तुझ्यासमोर सुरू करीन. धक्का नाही, गरम पाणी नाही, वन्संची रजई नाही. फक्त चावी. सुरू झाला तर यापुढे विकायचा विषय काढायचा नाही. नाही झाला तर मी सामान बांधते."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "ठीक आहे, शब्द दिला," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? आज गुरुवार आहे!"

"तुम्हीच म्हणालात ना, बिघाड काढू?"

"मी विचारलं होतं! कबूल नव्हतं केलं!"

शुक्रवारी सकाळी वहिनी चावी फिरवायला बसली आणि मी धुराड्याकडे उभी राहिले. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन घुमत होतं, पण पेटत नव्हतं. आणि धुराड्यातून धूर नव्हता. पांढरा नाही, काळा नाही, काहीच नाही.

"वहिनी, थांब. याच्या पोटात काही जातच नाहीये. डिझेल जाऊन पेटलं नसतं तर निदान पांढरा धूर तरी आला असता."

तिने खाली उतरून डिझेल पंपाजवळचा स्क्रू सैल केला आणि डिझेल पुढे ढकलायच्या हातपंपाचा दांडा खालीवर केला. स्क्रूतून डिझेल यायला हवं होतं, आला फेस. साबणाच्या पाण्याला येतो तसा बुडबुड्यांचा फेस.

"हवा घेतोय," वहिनी म्हणाली.

हवा धरली की डिझेलचं इंजिन उपाशी मरतं, एवढं दादाच्या बोलण्यातून आम्हा दोघींना ठाऊक होतं. पण टाकीपासून पंपापर्यंत हातभर लांबीच्या कितीतरी नळ्या, जोड आणि चकत्या. हवा शिरते कुठून? उद्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या सकाळी पहिलं तुमचंच काम." मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. नळीतून बुडबुडा जातोय की नाही, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. फरक एवढाच, की आमच्या नळ्या पारदर्शक असत. ट्रॅक्टरच्या नळ्या काळ्या रबराच्या. आत काय चाललंय ते देवालाच माहीत.

मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पिशवी काढली. दादाच्या शेवटच्या आजारात कफ ओढायचं यंत्र घरी आणलं होतं, त्याची पारदर्शक नळी तिच्यात होती. यंत्र परत गेलं, नळी मी ठेवली. का ठेवली ते विचारू नका. वहिनीने नळी ओळखली. तिने ती हातात घेतली, बोटांवरून एकदा फिरवली आणि म्हणाली, "जाडीला बरोबर बसेल."

संध्याकाळी आम्ही फिल्टर आणि पंपाच्या मधली काळी नळी काढून तिथे ही लावली, क्लिपा आवळल्या, हवा काढून नळी डिझेलने गच्च भरली. शनिवारी सकाळी बघतो तर नळी रिकामी. तळाशी चमचाभर डिझेल, वर नुसती हवा. वहिनीने दांडा हलवला, तशी बुडबुड्यांची रांग निघाली, एकामागून एक.

"म्हणजे चोर फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला," मी म्हणाले.

मग नळी काढून टाकी आणि फिल्टरच्या मधे लावली. तिथेही बुडबुडे. चोर आणखी अलीकडे. आता उरली फक्त टाकी. या ट्रॅक्टरची टाकी पुढे नाही, मागे, चालवणाऱ्याच्या पायाखाली. तिच्यातून बाहेर येणारी नळी पत्र्याच्या आड, ना दिसत ना पुसता येत.

वहिनी वाकून ट्रॅक्टरखाली बघत होती. ती सरळ होईना. मला वाटलं मनगट दुखतंय.

"वन्सं, इथे डाग का नाही?"

"कसला डाग?"

"अहो, टाकीखाली रोज सकाळी डिझेलचा ताटाएवढा डाग असायचा. आठवतं? हे घासून घासून थकायचे. शेड झाल्यापासून एक थेंब नाही."

आठवलं. शेड भाच्याने बांधली, थंडी सुरू व्हायच्या आधी, हौसेने. आमचं अंगण होतं उताराचं. दादा ट्रॅक्टर नेहमी उतारावर, नाक खाली करून लावायचा, म्हणजे सकाळी बॅटरीने दगा दिला तरी घरंगळत सुरू करता येई. वहिनीही तसाच लावायची. भाच्याने तो उतार खणून सपाट केला, सिमेंटची जमीन केली, वर पत्रे, पुढे दार. बिचारा ट्रॅक्टर थंडीत बाहेर कुडकुडतो म्हणून. आणि पहिल्याच आठवड्यात कौतुकाने आम्हाला म्हणाला होता, "बघा, गळायचंसुद्धा थांबलं!"

"नाक खाली असताना टाकी वर असायची," वहिनी सावकाश म्हणाली. ती हाताने उतार दाखवत होती. "डिझेल आपोआप इंजिनाकडे यायचं. नळीला चीर असली तरी डिझेल बाहेर गळायचं, हवा आत शिरत नव्हती. आता सपाट झालं. डिझेल रात्री मागे टाकीत उतरतं, आणि त्याच चिरेतून…"

"हवा आत!" मी ओरडले.

जिथून रक्त बाहेर येतं तिथूनच जंतू आत जातो, हे मी पोरींना शिकवताना शंभरदा सांगितलं असेल, आणि महिनाभर मला ते सुचलं नव्हतं. लोकांना नाचता येत नाही म्हणून अंगण वाकडं असतं. आमच्याकडे अंगण सरळ केलं आणि नाच बंद पडला. मी शेडच्या त्या गुळगुळीत जमिनीवर बसून पोट धरून हसले. वहिनी मनगट सांभाळत हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पत्रा खोलून तिने आत हात घातला आणि वीतभर लांबीची, काटकोनात वळलेली रबराची नळी बाहेर काढली. रबर कसलं, लाकूडच झालं होतं ते. क्लिपेच्या अगदी खाली, वळणावर, नखाएवढी चीर. गार असताना ती उघडी दिसे. मी नळी मुठीत धरून ऊब दिली तशी रबराने अंग सैल केलं आणि चीर मिटली. दुपारी मिस्त्रीला काही का सापडत नव्हतं, तेही उमगलं. इंजिनाच्या उबेने रोगी बरा होत होता.

आणि नेमका त्याच वेळी फाटकात उद्या उभा. शनिवारी येतो म्हणून शनिवारी आला, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या कालच्या बोलण्याचा परिणाम. मी चीर दाखवली. त्याने नळी उन्हात धरून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"ताई, तुम्ही मला सकाळी बोलावायला पाहिजे होतं."

"आम्ही काय करत होतो महिनाभर?"

तो बिचारा मुकाट्याने दुकानात गेला आणि नवी नळी, नव्या क्लिपा घेऊन आला. टाकीखालचं घट्ट बसलेलं जुनं नट त्यानेच सोडवलं, आमच्या दोघींच्या हातून ते हललं नसतं. मी दोन्ही जोड बोटांनी चाचपून घेतले. माझी पारदर्शक नळी मी धुऊन, पुसून परत पिशवीत ठेवली.

रविवारी उजाडलं तेव्हा त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी पडली होती. नळाला पाणी नाही, खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या. भाचा गिऱ्हाइकाच्याच पिकअपमध्ये बसून आला. गिऱ्हाईक गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस होता. त्याने अंगणात गाडी लावली, बंद केली आणि चहा घेतला. भाच्याने मात्र कप बाजूला ठेवला आणि थेट शेडमध्ये जाऊन हातमोजा काढून तळवा इंजिनावर टेकवला. पोरगं कसोशीने वागणारं, त्याबद्दल मला त्याचा अभिमानच वाटला. हात चटकन मागे घेऊन तो म्हणाला, "बर्फ आहे."

"फक्त चावी," वहिनी म्हणाली आणि वर चढली.

तिने चावी अर्धी फिरवून हीटर लावला. मग पूर्ण फिरवली. इंजिन जडपणाने घुमलं, घुमलं आणि थांबलं. भाच्याने आईकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता, दुःखच होतं. मी धुराड्याकडे धावले.

तिथे धूर होता! बारीक, पांढराफटक, पण धूर!

"जातंय पोटात!" मी किंचाळले. "वहिनी, जातंय! घाई करू नकोस!"

वहिनीने घाई केली नाही. चावी परत अर्ध्यावर आणली आणि मांडीवर हात ठेवून आरामात बसून राहिली. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं. मग तिने चावी फिरवली. एक ठोका, दुसरा ठोका, अख्खी शेड पांढऱ्या धुराने भरली, आणि त्या धुरातून ट्रॅक्टर असा गरजला, की वरच्या पत्र्यावरचं गोठलेलं दव खळखळ खाली आलं. भाचा खोकत बाहेर पळाला. मी टाळ्या पिटत होते. वयाचं भान मला कधीच नव्हतं, तेव्हा तर मुळीच राहिलं नाही.

गिऱ्हाईक कान देऊन ऐकत उभं होतं. "काय सुरेख आवाज आहे हो," तो म्हणाला. "ताई, मी बोललो त्यापेक्षा जास्त देतो."

"विकायचा नाही," असं कोणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं तर भाचा. धुराने डोळे चोळत होता, निदान मला तरी त्याने तसंच सांगितलं. "शब्द दिलाय मी."

सगळं तिथेच संपलं असतं. पण गिऱ्हाईक हिरमुसून आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसलं आणि त्याने चावी फिरवली. गाडीने नुसता एक उसासा टाकला. पुन्हा फिरवली. पुन्हा उसासा.

"डिझेल कुठलं भरलंय?" वहिनीने वरूनच विचारलं.

"नेहमीचंच."

"गोठलं. खाली उन्हात नेऊन उभी करावी लागेल. दोर बांधा." मग तिने ट्रॉलीतल्या रिकाम्या कॅनांकडे मान वळवली. "पण आधी दूध. टँकर थांबत नाही."

अशी आमची वरात निघाली. पुढे ट्रॅक्टर, त्याच्या चाकांना साखळ्या, मागे ट्रॉली, ट्रॉलीला दोराने बांधलेली पिकअप, तिच्यात ब्रेकवर पाय ठेवून बसलेलं गिऱ्हाईक आणि शेजारी माझा भाचा. मी वहिनीच्या बाजूच्या मडगार्डवर. टेकडीच्या पहिल्या घराशी वहिनी थांबली. दार उघडून बाई कॅन घेऊन बाहेर आली, दोराने ओढली जाणारी गाडी बघून तिने हाका मारून घरातल्या सगळ्यांना गोळा केलं. "आज वेळेवर!" ती म्हणाली. वहिनीने नुसती मान हलवली, पण तिची पाठ कशी ताठ झाली ते मी जवळून पाहिलं.

दुसऱ्या घराशी कॅन मोठा होता. वहिनीचं मनगट अजून बांधलेलं, म्हणून मी उतरायला लागले. तेवढ्यात मागून पिकअपचं दार वाजलं. भाचा धावत आला, कॅन उचलून ट्रॉलीत चढवला, झाकण दाबून बघितलं. गार पत्र्याने त्याची बोटं लाल झाली होती. तो पिकअपकडे परत गेलाच नाही. ट्रॉलीच्या कडेवर एक पाय ठेवून तो पुढे वाकला आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला,

"आई, पुढचं घर कुठलं?"